रकान्यात न मावलेले अण्णा

अण्णांना काहीही विचारा, ते आधी उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर ठेवायचे. त्याच्या वर जेवढं बोट उरतं तेवढं तुमच्या डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "येतं की. थोडं थोडं."

"अण्णा, शेरवानी बेतता?" बोट वर. "थोडं थोडं."

"अण्णा, कानडी कागद वाचून दाखवता?" बोट वर.

"अण्णा, बैल लंगडतोय." बोट वर, आणि दुसरा हात तोवर बैलाच्या खुरापर्यंत पोचलेला.

तुमच्याही गावात असा एखादा असणार, हे मला ठाऊक आहे. व्यक्तिचित्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या गावात तो असतोच. तुमचा तुम्ही सांगा, मी ऐकून घेईन. आधी आमचा ऐका.

निजामाचं राज्य होतं. उमरग्याच्या अलीकडे, सोलापूर-हैदराबाद सडकेवर आमचं गाव. नाव सांगत नाही. गाव अजून तिथंच आहे आणि माणसं तापट आहेत. सडक गावाच्या पोटातून जायची. गावाचं एक तोंड पश्चिमेला, सोलापूरकडं; दुसरं पूर्वेला, हैदराबादकडं. ही दोन तोंडं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत. मी कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होतो. पंचविशीचा, टोपी सरळ घालणारा, सरकारला भिणारा. माझ्या डोक्यावर पेशकारसाहेब, म्हणजे तहसीलदारांच्या खालचे अंमलदार. त्यांच्या डोक्यावर जिल्ह्याचे मालक, अव्वल तालुकदार. आणि त्यांच्याही वर आभाळ होतं, पण तिथपर्यंत आमचे अर्ज जात नसत.

अण्णांचं मूळ दुकान विभूती, रुद्राक्ष आणि खणांचं. लिंगायत घर, बाप शांत, गिऱ्हाईक मोजकं. पंधराव्या वर्षी अण्णा एका कानडी नाटक कंपनीबरोबर पळाले. राजाचं काम करायला गेले आणि राजाच्या मागचा पडदा रंगवायला लागले. कंपनी गुलबर्ग्याला बुडाली. मालक रातोरात गेला, पडदे अण्णांच्या गळ्यात टाकून. ते पडदे विकायचे तर फाडावे लागत आणि फाडले तर शिवावे लागत. म्हणून अण्णा नळदुर्गला एका मुसलमान शिंप्याकडे राहिले. त्या शिंप्यांना अण्णा उस्ताद म्हणत. उस्तादांच्या दुकानाला लागून एक अर्जनवीस बसायचा; त्याचा चष्मा फुटला तेव्हा अण्णांनी महिनाभर त्याचे उर्दू अर्ज लिहिले आणि उर्दू त्यांच्या हाताला चिकटली. बुरुडांच्या आळीत बांबू चिरायला शिकले, ते केवळ तिथली सावली चांगली होती म्हणून. पेटी एका भजनी मंडळात शिकले आणि बैलाचे पाय बघायला एका बैलाकडून, असं ते स्वतः सांगत.

तिशीत परत आले तेव्हा गावानं एकच प्रश्न विचारला, "मग नक्की काय शिकून आलास?"

अण्णांनी बोट वर केलं. गाव हसलं. गावाला एक गोष्ट पुरती येणारा माणूस कळतो आणि काहीच न येणाराही कळतो. मधल्या माणसाचं काय करायचं ते कोणाला सांगता येत नाही.

अण्णांनी मात्र त्याचं काय करायचं ते शोधून काढलं. त्या काळी आमच्या भागात पीक कसंही येवो, अंमलदारांचे दौरे भरघोस यायचे. अंमलदार आला की कमान लागायची. पूर्वी लोक आंब्याचे डहाळे दोन खांबांना बांधत आणि बकऱ्या ते खात. मग साहेब उघड्या खांबांखालून जायचे आणि पेशकारसाहेबांना आठवडाभर झोप नसायची. अण्णांनी कमान बांधली ती अशी: बांबूचा सांगाडा बुरुडाचा, गाठी नाटक कंपनीच्या, म्हणजे एक दोर ओढला की राजवाडा खाली. कापड शिंप्याचं, त्याला पायजम्यासारखा नेफा, नाडीच्या जागी बांबू सरकवायचा. वर मोर रंगवलेले, उर्दूत वळणदार स्वागत, आणि खाली स्वतः अण्णा पेटीवर. शाळेची पोरं जे स्वागतगीत म्हणत तेही त्यांचंच. त्यात साहेबांच्या नावाची जागा मोकळी ठेवलेली होती; बदली झाली की फक्त नाव बदलायचं, उरलेले सगळे सद्गुण तेच.

दोन वर्षांत सोनारीच्या जत्रेपासून लग्नामुंजीपर्यंत अण्णांची कमान जिल्हाभर हिंडायला लागली. सगळं तिच्यात आलं होतं, पडदे, कात्री, बोरू, बांबू, पेटी आणि ती ओढणारे बैलही. एवढं असून या धंद्याला नाव नव्हतं. आणि नाव नसण्याची गंमत माझ्याच हातून संपली.

मर्दुमशुमारी आली, म्हणजे माणसं मोजण्याचं वर्ष. मी तक्ता घेऊन अण्णांच्या ओसरीवर बसलो.

"पेशा?" मी विचारलं.

"लिवा," अण्णा मांडी घालत म्हणाले. "बूड दुकान विभूतीचं. त्याच्यावर—"

"एकच शब्द लिहायचाय. रकाना एवढाच आहे."

"मग रकाना मोठा करा."

"रकाना सरकारचा आहे, अण्णा."

"मंग माणूस ल्हान करायचा व्हय?"

मी पेशकारसाहेबांना जाऊन विचारलं. त्यांनी पान लावता लावता, मान वर न करता सांगितलं, "मुतफर्रिक लिखो."

मी लिहिलं. अण्णांनी शब्द वाचला आणि तक्ता माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "कारकूनसायब, मुतफर्रिक म्हंजे किरकोळ. ज्या कागदाला तुमच्या कचेरीत जागा न्हाय, तो तुमी ज्या गठ्ठ्यात कोंबता, त्याच्यावर हाच शब्द हाय. त्या गठ्ठ्याचं कापडी बासन म्याच शिवून दिलंय."

खरं होतं. टाका चांगला होता.

हे तिथंच संपलं असतं. पण अण्णांना एक लेक होती, आईवेगळी, बापाएवढीच हसरी आणि बापापेक्षा पुष्कळ शहाणी. तिला मुरुमचं स्थळ आलं. मुलाचे वडील मुरुमच्या पेठेतले कापडवाले शेट. शेट पाहायला आले, मुलगी पसंत पडली, मुलगा तर आधीच दाराच्या चौकटीला टेकून पसंतीचं हसत होता. मी शेजारी म्हणून हजर होतो. तेव्हा शेटनी होऊ घातलेल्या व्याह्यांना तो प्रश्न विचारला.

"याही, धंदा काय आपला?"

अण्णांनी पंधराव्या वर्षापासून सुरुवात केली. ते गुलबर्ग्यापर्यंत आले तेव्हा चहा निवला. नळदुर्गला पोचले तेव्हा शेटनी हात वर केला.

"अण्णा, तुमी लई गुणाचे. पण मुरुमात मला चार माणसं इचारणार, याही काय करतो? त्यांला काय ही सगळी कथा सांगू? मला एक शब्द द्या. किराणेवाले, वकील, गेलाबाजार शिंपी म्हणा. कायतरी एक."

अण्णांचा अंगठा पेराकडं गेला आणि अर्ध्यातच मांडीवर परत आला. ते पाहून माझ्यातला सरकारी माणूस मदतीला धावला, आणि तो धावला की नुकसान ठरलेलंच. मी म्हणालो, "सरकारी तक्त्यात आहे की शब्द. मुतफर्रिक."

शेट उठले. "म्हंजे किरकोळ? म्या किरकोळ माणसाची पोरगी आणून पेठेत तोंड कसं दावू?"

आतल्या खोलीत बांगड्या वाजायच्या थांबल्या. अण्णा तसेच बसून म्हणाले, "शेट, येत्या बाजारच्या दिवशी तालुकदारसायब येणार हायत. आमची कमान बघायला या. बघा आणि शब्द तुमीच सांगा. न्हाय सापडला, तर माझी लेक माझ्या घरी, तुमचं पोरगं तुमच्या घरी."

शेट येतो म्हणाले. तो आठवडाभर मी अण्णांच्या ओसरीकडं बघायचं टाळलं.

कमानीच्या आदल्या दुपारी मात्र गेलो. अण्णा कापडाच्या मागच्या बाजूला काहीतरी रंगवत होते. पुढच्या बाजूला नेहमीचं उर्दू स्वागत. मागं मराठीत आणि खाली कानडीत मोठ्या अक्षरांत लेकीचं नाव, शेटच्या मुलाचं नाव, शेटचं नाव तर सर्वांत मोठं, आणि शुभविवाह.

"अण्णा, लग्न ठरलंय कुठं?"

"कापडाला दोन बाजू असतात. एक वाया कशाला घालवू?"

"पण आधीच?"

"कंपनीत राजवाडा आधी रंगवतात, कारकूनसायब. राजा मागनं येतो."

आतून लेक म्हणाली, "अण्णा, मोराचे पाय काढायचे राहिलेत."

"मोराला पाय न्हाय आवडत," अण्णा म्हणाले, पण काढले.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या तोंडाला कमान उभी राहिली, कारण साहेब जिल्ह्याच्या गावाहून, म्हणजे पश्चिमेकडून येणार. स्वागताच्या बाजूला पोरं रांगेत, पेशकारसाहेब नव्या शेरवानीत. शेरवानी अण्णांनीच शिवलेली. सकाळ गेली. आणि उमरग्याच्या बाजूनं एक शिपाई सायकलवर, घामानं निथळत आला. साहेब मधेच हैदराबादला एका निकाहाला गेले होते. तिकडूनच येत होते. उमरग्यात चहा घेत होते. चहा संपला की पूर्वेच्या तोंडानं गावात शिरणार होते.

पेशकारसाहेब धुळीतच बसले. "कमान इधर, साहब उधर," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. साहेबांना दुसरीकडून येण्याची विनंती करावी का, असंही त्यांनी मला एकदा विचारलं.

अण्णांनी मोठ्यानं काही सांगितलं नाही. दोर ओढला. राजवाडा खाली आला. नेफ्यातून बांबू सुटले, गाडीत पडले, कापडाची घडी झाली. गाडी निघाली आणि अर्ध्या वाटेत उजवा बैल पाय टेकेना. अण्णा खाली उतरले, पाय मांडीवर घेतला, त्याच्याशी कानडीत काहीतरी खाजगी बोलले, एक हिसका दिला. बैल चालायला लागला. पोरं भेदरून पांगायला लागली होती, तर अण्णांनी पेटी गळ्यात अडकवली आणि चालता चालता स्वागतगीत सुरू केलं. पोरं सुरामागं सुरात, रांग न मोडता गावाच्या पलीकडच्या तोंडाला आली. माझ्या उभ्या जन्मात एवढ्या गोष्टी एका माणसाला एकाच वेळी येताना मी पाहिल्या नाहीत. प्रत्येक थोडी थोडी, पण सगळ्या मिळून पुरून उरतील एवढ्या.

तिथं कमान पुन्हा उभी राहिली आणि मला लाल रुमाल देऊन तिच्या बाहेर, सडकेवर पन्नास पावलं पुढं उभं केलं. मोटर दिसली की रुमाल हलवायचा. मी जागेवर पोचलो आणि मागं वळून कमानीकडं पाहिलं.

कमान उलटी लागली होती. गावाकडच्या तोंडाला उर्दू स्वागत. ते वाचत पेशकारसाहेब आपल्या बाजूला निर्धास्त उभे. साहेब येणार त्या बाजूला, मोरांच्या मधोमध, मुरुमच्या शेटच्या मुलाचा शुभविवाह.

ओरडायला तोंड उघडलं तोच मोटर आली. मी रुमाल हलवला. हात आपोआप हलत होता, थांबवता आला नसता. ड्रायव्हरला वाचता येत नव्हतं. शेजारच्या चपराशाला फक्त उर्दू येत होती. मराठी आणि कानडी मुलखावर राज्य करायला तेवढं पुरत असे. त्यानं अक्षरांकडं नक्षी म्हणून पाहिलं आणि पसंतीनं मान हलवली. मागच्या गादीवर अव्वल तालुकदार निकाहाच्या बिर्याणीखाली गाढ झोपले होते, तोंड उघडं, टोपी मांडीवर. मोटर कमानीखालून गेली. पोरं गायली. पेशकारसाहेबांनी तीन वेळा लवून सलाम केला, तो साहेबांच्या टोपीला पोचला. मोटर न थांबता सोलापूरच्या बाजूनं निघून गेली. आपल्याकडं इतका सुरळीत दौरा पूर्वी झाला नव्हता, असं पेशकारसाहेबांनी अहवालात लिहवून घेतलं. अहवाल मीच लिहिला.

धुरळा बसला, तेव्हा मोटरीच्या मागून येणारी एक छकडी सडकेत उभी राहिलेली दिसली. छकडीत शेट. ते कमान वाचत होते. एकदा मराठीत वाचली, एकदा कानडीत. मग खाली उतरले आणि माझ्याकडं आले.

"म्या बघितलं ते खरं का? जिल्ह्याचे तालुकदारसायब माझ्या पोराच्या लग्नाच्या कमानीखालनं गेले?"

मी सरकारी नोकर. झालेल्या गोष्टीला नाही कसं म्हणणार? "गेले," मी म्हणालो.

"तुमी साक्षीला?"

"रुमालासकट."

शेटची छाती आंगरख्यात मावेना. मुरुमच्या पेठेत आजवर कोणाच्या लग्नाला तहसीलदाराचा चपराशीही फिरकला नव्हता. ते अण्णांपाशी गेले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "याही, तिथी काढा."

"पण शब्द?" अण्णा म्हणाले. "पेठेत काय सांगणार?"

"सांगायचं कशाला आता? सांगता न्हाय आलं तरी दावता येतं."

संध्याकाळी मी अण्णांना गाठलं. ते कापडाची घडी घालत होते. "अण्णा, खरं सांगा. इतक्या वर्षांत कधी उलटी लागली नाही. ही चूक कशी झाली?"

अण्णांनी अंगठा पेरावर ठेवला, बोट वर धरलं. "चूक बी करता येती, कारकूनसायब. थोडी थोडी."

लग्न त्याच कमानीखाली झालं. निघताना लेक म्हणाली, "अण्णा, आज तरी पेटी ठेवा की खाली. बाप म्हणून उभे राहा." अण्णांनी पेटी ठेवली. मग हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी छकडीच्या बैलाचे खूर तपासले, चारही, आणि तोंड तिकडंच ठेवलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं. जाताना आणि गेल्यावर जे झालं त्याची मला थट्टा करवत नाही. आधी एकांची घरं गेली, मग सूड म्हणून दुसऱ्यांची. नळदुर्गहून एके दुपारी उस्तादांचं सगळं बिऱ्हाड आमच्या गावात आलं, अंगावरच्या कपड्यांनिशी. अण्णांनी परसात कमानीचे बांबू रोवले आणि कापड वरून टाकलं. माणसं तिथं दोन महिने राहिली. कापडाची उर्दू बाजू अण्णांनी आत घेतली होती. बाहेरून येणाऱ्याजाणाऱ्याला फक्त मोर आणि शुभविवाह दिसायचा. हत्यारं घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या घोळक्यांतल्या कोणीही लग्नघरात हात घातला नाही. अण्णांची ती कमान मी सगळ्यांत मोठी मानतो, आणि तिच्याखालून कोणीही साहेब गेला नाही.

मग नवे साहेब आले, पांढऱ्या टोपीतले. त्यांनाही कमान लागली. अण्णांनी उर्दूवर रंग दिला आणि वर मराठीत स्वागत लिहिलं. गीतातली नावाची जागा मोकळीच होती. नवा तक्ताही आला. मी तो घेऊन ओसरीवर गेलो. पेशाच्या रकान्यात छापील पर्याय होते आणि सगळ्यात खाली 'इतर'.

"राज्य बदललं," अण्णा तक्ता परत देत म्हणाले, "मुतफर्रिकचं इतर झालं. व्याह्यानं त्या शब्दातनं सोडलं मला, सरकार न्हाय सोडत."

"शब्द तुम्हीच सांगा, मी लिहितो."

त्यांनी तक्ता पुन्हा घेतला आणि छापील पर्याय एकेक करून वाचले. खरोखर शोधत होते. शेवटी म्हणाले, "म्हायती असता तर तवाच न्हाय का सांगितला, पोरीसाठी?"

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा तापानं गेले. आमच्याकडं लिंगायतात मयताला बसवून नेतात, बांबूच्या सजवलेल्या विमानात. गावातली गेल्या वीस वर्षांतली सगळी विमानं अण्णांनी बांधलेली. त्यांचं बांधायला चार माणसं लागली. बुरुडानं बांबू धरले, शिंप्यानं कापड, कोणी फुलं, कोणी गाठी, आणि गाठी कोणालाच धड येत नव्हत्या. विमान वाटभर डुगडुगत होतं. लेक मागून चालत होती, ती मला म्हणाली, "अण्णा आत बसल्या बसल्या हसत असतील."

मयताची नोंद करायचं काम माझ्याकडं होतं. नाव लिहिलं, वय लिहिलं. पेशाचा रकाना आला. तोच, दोन बोटं रुंद. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहायला लागलो. विभूतीचे दुकान, पडदे रंगवणे, शिवण. रकाना संपला. मी रेघ ओलांडून पुढच्यात गेलो.

नवे साहेब खांद्यावरून बघत होते. "हे काय चाललंय? एका शब्दात लिहा."

मी अंगठा पेरावर ठेवला, बोट वर केलं. साहेबांना काही कळलं नाही. ते चहाला गेले.

पेशाच्या शेजारचा रकाना मृत्यूच्या कारणाचा. आजही त्या गावचं दप्तर उघडून बघाल, तर तिथं तापाचा उल्लेख सापडणार नाही. आमचे अण्णा कशानं गेले, तर सरकारी नोंदीप्रमाणे उर्दू अर्ज, बांबूकाम, पेटी वाजवणे, बैलांचे पाय आणि कमानी यांनी गेले. तपासणीत दोनदा हरकत निघाली. मी दुरुस्ती केली नाही.

चूक म्हणा हवं तर. मलाही येते, थोडी थोडी.